जहाजाची वेळ

घंटीमावशीचा डूख सापालाही लाजवेल, असं गल्लीत म्हणायचे, आणि हे कानावर आलं की मावशीला बरंच वाटायचं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं बारा वर्षांपूर्वी एकदा तिला करपलेला पाव दिला आणि वर म्हणाला, "खरपूस चांगला लागतो." झालं! त्या दिवसापासून मावशी पावासाठी तीन गल्ल्या ओलांडून जाते. बेकरीवाला दोनदा माफी मागून गेला, एकदा तर केक घेऊन आला. केक सुनेनं खाल्ला, माफी आली तशी परत गेली. सून म्हणाली, "आई, बारा वर्षं झाली हो." मावशी म्हणाली, "पाव अजून करपलेलाच आहे."

आता करपलेल्या पावाला बारा वर्षं, तर ज्यानं नवऱ्याचं नाव करपवलं त्याला किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तिचा धंदा सायकलींचा. बंदरात प्रवासी जहाज लागलं की त्यावरच्या हौशी लोकांना सायकलीवरून गाव दाखवायचं आणि जहाज सुटायच्या आत धक्क्यावर आणून सोडायचं. दुकान धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. पुढच्या खोलीत चौदा सायकली, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हेल्मेटं, दारामागे पंप. मागच्या खोलीत तिचा नवरा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दिवसभर तो तिथं वाकड्या चाकांचा आऊट काढत, ब्रेकच्या तारा बदलत बसलेला असे. मावशीच्या सायकलीला पितळेची एक दांडगी घंटी होती, ती त्यानंच बसवलेली. ती वाजली की भाजी मंडईतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची, आणि मावशीचं नाव त्यावरूनच पडलं.

पुढच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं. पांढरं गावाचं, लाल जहाजाचं. नवीन माणूस विचारायचाच, दोन कशाला? तर जहाज समुद्रावरून येतं आणि त्याचं घड्याळ त्याच्या मर्जीनं चालतं. मागच्या बंदराची वेळ तशीच ठेवून आलं तर ते आमच्या गावाच्या तासभर पुढं असतं, नाहीतर मागं. कधी बरोबरही असतं. पण सुटतं ते स्वतःच्या घड्याळानं. तुमच्या मनगटावर काय वाजलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून सकाळी मावशी आधी धक्क्याच्या फाटकावर जाऊन जहाजाची वेळ विचारून यायची. मिस्त्री स्टुलावर चढून लाल घड्याळाचे काटे फिरवायचा. मग ती वेळ दोघं एकमेकांना मोठ्यानं म्हणून दाखवायचे, पाढे म्हटल्यासारखी. आणि प्रवाशांना ती वेळ तीनदा सांगायची असा दुकानाचा नियम होता. निघताना एकदा, दीपगृहापाशी एकदा आणि परतीच्या वळणावर एकदा. लोक कंटाळायचे, हसायचे. हसू देत. तीन म्हणजे तीन.

संध्याकाळी मावशी परत आली की मागच्या खोलीतून एकच प्रश्न यायचा. "सगळे चढले?"

"सगळे चढले."

हे ऐकल्याशिवाय मिस्त्री हात धुवायचा नाही, जेवायला उठायचा नाही. एकोणीस वर्षं तो दिवसभरात दुसरं फारसं काही बोलत नव्हता.

आणि माणूस मुळात असा नव्हता बरं का! एकोणीस वर्षांपूर्वी सहल तोच न्यायचा, आणि इतका बोलायचा की तोंडाची टकळी थांबत नसे. दीपगृहाच्या पायरीवर बसून असल्या गोष्टी रंगवून सांगायचा की लोक फोटो काढायचे विसरायचे. तेव्हा जहाजावर सहलींसाठी एक साहेब असे. रोज सकाळी खाली उतरून सायकलवाल्याच्या हातात वेळेची चिठ्ठी द्यायची हे त्याचं काम. जहाजाचं घड्याळ इतकं, परत यायचं इतक्याला, खाली सही. जहाज आदल्या दिवसापासून धक्क्याला होतं, पण त्या दिवशी साहेब उतरलाच नाही. रात्रभर पत्ते कुटून सकाळी घोरत पडला होता, असं नंतर जहाजावरच्या एका खलाशानं सांगितलं. रात्री घड्याळ तासभर पुढं केलंय हे सहलीच्या प्रवाशांना कुणी सांगितलं नाही, आणि ते तर सगळ्यांच्या आधी, न्याहारीच्याही आधी उतरलेले. मिस्त्रीनं साहेबाची वाट पाहिली, मग कालचीच वेळ धरली आणि निघाला. दुपारी अकरा माणसं घेऊन हसतखेळत धक्क्यावर आला तर धक्का रिकामा.

त्या अकरा जणांना त्यानं वाऱ्यावर सोडलं नाही. सगळ्यांना दुकानात आणलं, सायकली बाहेर काढून गाद्या घातल्या, कुणाच्या गोळ्या आणल्या, कुणाच्या घरी फोन लावून दिला. दोन दिवस तो स्वतः झोपला नाही. तिसऱ्या दिवशी धक्क्याच्या कचेरीत बोलावणं आलं. जहाजावरून साहेबाचा कागद आला होता, त्यात एक ओळ. 'मार्गदर्शक नशेत होता, वाट चुकला.'

नशेत! ज्या माणसाला खोकल्याच्या औषधानंही गरगरतं, तो नशेत! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मिस्त्री कारकुनासमोर शपथा घेत राहिला. कारकून भला माणूस, पण म्हणाला, "माझ्या हातात कागद आहे आणि तुमच्या हातात काही नाही." मिस्त्रीचा सहल न्यायचा बिल्ला काढून घेतला, धक्क्यावर पाय ठेवायला बंदी झाली. गाव कसं असतं ते सांगायला नको. चारचौघांत कुणीतरी विचारायचंच, "काय मिस्त्री, आज किती बाटल्या?" काही दिवस त्यानं हसून घेतलं. मग मागच्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे सायकल काढली नाही. बिल्ला मावशीनं खेटे घालून घालून स्वतःच्या नावावर मिळवला.

त्या साहेबाला मावशीनं दोनच वेळा पाहिलं होतं, लांबून. पण मनाशी रोज पाहायची. हेल्मेटं पुसताना पाहायची, पंक्चर काढताना पाहायची. एकदा, फक्त एकदा तो माझ्या हाताशी लागू दे, एवढंच तिचं मागणं. सून म्हणायची, "आई, तो कुठल्या कुठं असेल. मेलाही असेल." मावशी म्हणायची, "माझ्याआधी मरायचं नाही त्यानं."

आणि तो आला. स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आला.

त्या सकाळी पांढऱ्या घड्याळात आठ वाजले होते, लालमध्ये नऊ. जहाज तासभर पुढं होतं. जहाजाच्या पाचला शिडी उचलणार, म्हणजे गावाच्या चारला. आठ जणांनी सहल घेतली होती. त्यातला एक सत्तरीचा, गोरटेला, पांढरी चड्डी, कोरे बूट, आणि हातात केवढा तरी फोन. आल्या आल्या त्यानं तीन सायकलींच्या सीटा दाबून पाहिल्या आणि चौथीला नाक मुरडलं. मावशीनं लाल घड्याळाकडे बोट करून वेळ सांगायला सुरुवात केली तर हा बाहेर अंगणात घंट्या वाजवून बघतोय!

"साहेब, वेळ ऐकून घ्या."

"मला नका शिकवू, बाई. तीस वर्षं मी हेच काम केलंय. जहाजावर सहलींचा साहेब होतो मी. चाळीस बंदरं तळहातावर आहेत माझ्या." आणि फोन उंच धरला. "मुलानं दिलाय. ह्याला काही सांगावं लागत नाही, जिथं जाईल तिथली वेळ आपोआप पकडतो."

फोननं पकडली होती ती गावाची वेळ. जहाजावरून उतरता उतरता तो गुपचूप तासभर मागं सरकला होता, आणि हे तीस वर्षांचे जाणकार त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

मावशीला त्याचं नाक ओळखीचं वाटलं, चाल ओळखीची वाटली. पण एकोणीस वर्षांत तिला असं पाच-सहा वेळा वाटून गेलं होतं, आणि एकदा तर एका बिचाऱ्या दंतवैद्याकडे तिनं दिवसभर डोळे वटारून पाहिलं होतं. जहाजावर सहलींचे साहेब काय एक असतात? तिनं जीभ आवरली. दीपगृहापाशी सांगू वेळ, असं म्हणाली, आणि पायडल मारलं. पुढं मावशी, मागं सून, मध्ये आठ जण.

मंडई झाली, होड्या दुरुस्त करायची जागा झाली, साबणाच्या कारखान्याची लांबलचक भिंत झाली. हा माणूस सगळीकडे पुढं. वळणावर हात दाखवायचा नाही, थांबा म्हटलं की थांबायचा नाही. एका बाईची चेन उतरली, सूनबाई हात काळे करून ती बसवत होती, तर हा वरून सूचना देतोय. उंटावरून शेळ्या हाकणारे असतात ना, त्यातला! बाकीचे सात जण त्याला इतके वैतागले की एकानं मावशीला हळूच विचारलं, "ह्यांना इथंच ठेवता येईल का?" मावशी हसली. तेव्हा ती नुसतीच हसली होती.

दीपगृहाच्या पायऱ्यांवर सगळे बसले. सूनबाईनं बाटल्या वाटल्या. मावशी वेळ सांगायला उभी राहणार तोच ह्या माणसानं गोष्ट काढली.

"सायकलवाल्यांवर कधी भरवसा ठेवू नये," तो म्हणाला आणि मावशीकडे बघून डोळा मिचकावला. "तुम्ही नाही हो, तुम्ही चांगल्या आहात. पण एक बेणं भेटलं होतं मला. कुठलं बंदर ते आता आठवत नाही, असंच कुठलंतरी होतं. पिदड्या! अकरा माणसं घेऊन गेला आणि दुपारी झिंगत झिंगत आला, जहाज सुटल्यावर! अकरा! मी लगेच एक ओळ लिहिली आणि त्याचा निकाल लावला. पुढं काय झालं कोण जाणे. पडला असेल कुठंतरी गटारात." आणि हसला. दोघं-तिघं हसले, कारण हसायची जागा होती.

सूनबाईच्या हातातली बाटली खाली पडली. तिनं सासूकडे पाहिलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चेहरा बघाल तर देवासारखा शांत. ती म्हणाली, "छान गोष्ट आहे, साहेब. पुष्कळ वेळा सांगितलेली दिसते."

"जेवणाच्या टेबलावर नेहमी सांगतो," साहेब म्हणाला.

म्हणजे इथं मिस्त्री मागच्या खोलीत तोंड मिटून बसला होता आणि तिथं हा त्याला जेवणाच्या टेबलावर वाढत होता, एकोणीस वर्षं!

इथून सहलीचे दोन फाटे होतात. दमलेल्यांनी सुनेबरोबर खालच्या रस्त्यानं परत जायचं, आणि ज्यांना हौस आहे त्यांनी मावशीबरोबर टेकडी चढायची. सातही जण म्हणाले, आम्ही दमलो. खरं तर त्यांना साहेबापासून सुटका हवी होती. साहेब म्हणाला, "मला टेकडी दाखवा. सोपं मला चालत नाही."

"चला की," मावशी म्हणाली.

तो सायकल ढकलत पुढं गेला. मावशीनं सात जणांना नियमानं दुसऱ्यांदा वेळ सांगितली. तो लांब होता, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. तिनं हाक मारली नाही. सूनबाईनं तिचा दंड धरला.

"आई, त्यांना सांगितली नाहीत वेळ."

"तू तुझे सात जण घेऊन जा."

"आई."

"सातही चढलेले बघ, मगच घरी जा," मावशी म्हणाली आणि सायकलीवर बसली.

तिला करायचं असं काहीच नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. खोटं बोलायचं नव्हतं, वाट चुकवायची नव्हती, चाकातली हवा सोडायची नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं, तो बसला होता तसं. सोपं वाटतं ना? अहो, एकोणीस वर्षं दिवसातून तीनदा जे वाक्य म्हटलं, ते वेळ झाली की आपोआप तोंडात येतं. टेकडीवर कॉफीचं एक दुकान आहे, समोर दोन बाकं, खाली आख्खं बंदर दिसतं. साहेबानं कॉफी मागवली. मावशीनं मनगटावर पाहिलं. गावाचे सव्वातीन, जहाजाचे सव्वाचार. खाली उतरायला पंचवीस मिनिटं. आत्ता सांगितलं असतं तर आरामात पोचला असता.

"अजून पावणेदोन तास आहेत," फोन बघून साहेब म्हणाला. "आणखी एक कॉफी घेऊ का?"

मावशीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, साहेब, फोन नाही, लाल घड्याळ. तिनं बशीतली बिस्किटं उचलली आणि दोन एकदम तोंडात कोंबली.

"घ्या की," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

साडेतीन झाले. साहेबानं पायातले बूट काढले. तीन चाळीस झाले, उतरून पोचायची शेवटची वेळ टळली. आता साक्षात वारा झाला तरी हा पोचत नव्हता. मावशीनं सुस्कारा सोडला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सहलीवर असताना बाकावर पाठ टेकली. दुःख नाही, भीती नाही, काही नाही. गार सरबत प्यायल्यासारखं वाटलं तिला, आणि ते तसं वाटलं म्हणून मी काही तिला बोल लावणार नाही.

चार वाजले आणि खाली भोंगा झाला. जहाज धक्क्यापासून हातभर सुटलं, मग दोन हात, मग मध्ये पाणी दिसायला लागलं.

"कुठलंतरी जहाज निघालं बघा," साहेब म्हणाला.

"हो."

"आमच्यासारखंच आहे."

"हुबेहूब," मावशी म्हणाली.

तो थोडा वेळ पाहत राहिला. बंदरात दुसरं जहाज नव्हतं, हे कळायला त्याला कॉफीचे दोन घोट लागले. मग त्यानं फोन पाहिला, जहाज पाहिलं, परत फोन पाहिला. बूट हातात घेऊन उभा राहिला. "पाच! पाचला होतं! आता तर चारच वाजलेत!"

"गावात चार वाजलेत, साहेब. जहाजात पाच."

तीस वर्षांचा माणूस तो, त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळपासून."

खाली येईपर्यंत तो काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या गोळ्या जहाजात, पासपोर्ट जहाजात, चष्मासुद्धा जहाजात. मावशी पुढं घंटी वाजवत चालली होती, प्रत्येक वळणावर हात दाखवत, नियमाप्रमाणे.

धक्क्याच्या कचेरीत तोच कारकून होता, आता निवृत्तीला आलेला. कुणी मागं राहिलं की छापील कागद भरावा लागतो. कारकुनानं पेन उघडलं आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

"हिला विचारा!" साहेब टेबलावर मूठ आपटून ओरडला. "नाही, मी सांगतो, लिहा. मार्गदर्शक नशेत होती! लिहा! दारू प्यायली होती ही बाई, वाट चुकली!"

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं साहेबाच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग मावशीकडे. ही ओळ त्यानं एकदा ह्याच टेबलावर वाचली होती, आणि त्यालाही ती पुरती पचली नव्हती. हळूच म्हणाला, "मावशी, हा तो?"

"तोच. पण तुम्ही मी सांगते ते लिहा. वेळ सांगायचं काम माझं होतं. मी सांगितली नाही. खाली माझी सही घ्या."

"मावशी, बिल्ला जाईल हो."

"जाऊ दे. सुनेकडे तिचा आहे." तिनं गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला, सही केली, आणि तो कागद उलटा फिरवून साहेबाच्या नाकासमोर धरला. "वाचा. चष्मा नाही ना? मी वाचून दाखवते. वेळ सांगायचं काम माझं होतं, मी सांगितली नाही. बघितलंत? एवढंच लिहायचं होतं तुम्हाला. एक ओळ. हात काही झडत नाही."

साहेब बघतच राहिला. काय बोलतेय ही, कशाबद्दल बोलतेय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याला ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं आपलंच खोटं जेवणाच्या टेबलावर वाढून वाढून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. मावशीला वाटलं होतं तो ओशाळेल, निदान घाबरेल. ह्याला तर आठवतसुद्धा नाही. तिच्या तोंडातली सगळी चव गेली. गार सरबत कुठल्या कुठं गेलं आणि ती तशीच सायकल हातात धरून चालत घरी निघाली.

दुकानात पाऊल टाकलं आणि मागच्या खोलीतून आवाज आला. "सगळे चढले?"

सूनबाई दारात उभी होती. तिनं सासऱ्याला काही सांगितलं नव्हतं. मावशीनं हेल्मेट खिळ्याला टांगलं, ते पडलं, परत टांगलं.

"एक राहिला," ती म्हणाली.

आतली हातोडी थांबली. मिस्त्री दारात आला, हात ग्रीसनं माखलेले. त्यानं लाल घड्याळाकडे पाहिलं. "कसा राहिला? काटे मी बरोबर लावले होते." आणि उत्तराची वाट न बघता स्टुलाखालून बूट ओढले. "कुठं बसवलंयस त्याला? पाणी दिलंस का? म्हातारा आहे का गं? गोळ्या असतील त्याच्या, त्या आधी बघाव्या लागतात. तुला नाही कळायचं, पहिली रात्र फार वाईट जाते त्यांची." एक बूट चढवून त्याची नाडीही बांधून झाली. एका दमात इतकं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"अहो," मावशी म्हणाली. "तो तोच आहे. चिठ्ठी न आणणारा. मीच ठेवला त्याला. मुद्दाम ठेवला."

मिस्त्रीनं दुसरा बूट हातातून खाली ठेवला. सूनबाई रडायला लागली, तिला कुणी गप्प केलं नाही. मावशी म्हणाली, "आणि त्याला आठवत नाही हो. तुम्ही आठवत नाही, गाव आठवत नाही, काही नाही. पिदड्या म्हणून गोष्ट सांगतो लोकांना."

मिस्त्रीनं दुसरा बूट घातला. उठला, स्टुलावर चढला आणि लाल घड्याळ भिंतीवरून उतरवलं. त्याच्या मागं भिंतीवर गोल पांढरा डाग होता. घड्याळ त्यानं फडक्यात गुंडाळून आपल्या जुन्या सायकलीच्या कॅरिअरला बांधलं.

"अहो, तुम्हाला धक्क्यावर बंदी आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि पायडल मारलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरीवाला दारात उभा होता, त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मिस्त्री कोपरा ओलांडून गेला. उतारावर त्यानं ब्रेक लावला नाही. मावशी मागून जमेल तशी चालली होती. फाटकावर कारकून उभा होता, त्यानं एक शब्द न बोलता फाटक उघडलं.

धक्का उन्हात रिकामा पडला होता. टोकाच्या बाकावर साहेब बसला होता, बूट शेजारी काढून ठेवलेले, फोन मांडीवर. मिस्त्रीनं सायकल स्टँडला लावली, फडकं सोडलं आणि घड्याळ बाकावर साहेबाच्या शेजारी ठेवलं.

"सव्वासहा झालेत," तो म्हणाला. "जहाजावर."

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही कोण?"

"तो पिदड्या."

साहेब उठू लागला. उठून जाणार कुठं? पुढं पाणी, मागं गाव. तो पुन्हा बसला आणि म्हणाला, "मला खरंच काही आठवत नाही हो."

"मला आठवतं," मिस्त्री म्हणाला. त्यानं घड्याळ थोडं सरकवलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ग्रीसचे हात गुडघ्यांवर ठेवले. आवाज बसलेला होता, पण मावशीला फाटकापर्यंत ऐकू येत होता, दीपगृहाच्या पायरीवरचा तो जुना आवाज. "अकरा जण होते. एकेकाचं सांगतो, पहिल्यापासून. पहिली पांढऱ्या टोपीवाली, तिच्या लेकीचं त्या आठवड्यात बाळंतपण होतं. नीट ऐका. आता तुम्हाला कुठं जायची घाई नाही."